खुंटी, नट, सॅडल, पिना : अकूस्टिक गिटारची घरच्या घरी दुरुस्ती

गिटारने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला की तक्रारी सुरू होतात. रात्री लावलेला सूर सकाळी उतरलेला असतो. खुंटी फिरवली की नटापाशी ‘टिक’ वाजतं आणि सूर एकदम उडी मारतो. एखादी तार नुसती छेडली तरी झणझणते, खांद्याच्या पट्ट्याचं बटण बोटाने फिरतं. यातलं बहुतेक काम घरी, साध्या हत्यारांनी होण्यासारखं आहे.

घरी हात लावायचे भाग ठरलेले आहेत: खुंट्या, नट, सॅडल, ब्रिजच्या पिना, पट्ट्याची बटणं आणि पिकअप (गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं साधन) असेल तर त्याचा जॅक, म्हणजे केबल लावायचं तोंड. हे भाग स्क्रूने, दाबाने किंवा थेंबभर गोंदाने बसवलेले असतात. बिघडले तर बदलता येतात. ते ज्या लाकडात बसलेत ते लाकूड मात्र बदलता येत नाही. म्हणून कुठेही जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात थांबवायचा आणि अडतंय कुठे ते आधी शोधायचं.

नावांचा घोळ आताच मिटवू. या लेखात ‘नट’ म्हणजे बोल्टवरचा नट नव्हे. फ्रेटबोर्ड, म्हणजे गिटारच्या दांड्याची (नेकची) धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेली बाजू, जिथे संपतो आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं, तिथली सहा खाचांची पांढरी पट्टी म्हणजे नट. बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी म्हणजे सॅडल, आणि सॅडल ज्या लाकडी ठोकळ्यात बसतं तो ब्रिज. तारांची टोकं ब्रिजच्या छिद्रांत धरून ठेवतात त्या पिना. खुंटीला दुकानात कुणी ‘मशीन हेड’ म्हणतं, कुणी ‘की’, कुणी ‘ट्यूनर’. वस्तू एकच.

नागपूरची हवा आणि गिटार

मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की धुतलेला रुमाल बघता बघता वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच खोलीत मिठाला पाणी सुटतं. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. उन्हाळ्यात बॉडीची वरची फळी आकसून किंचित खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि झणझण सुरू होते. पावसाळ्यात फळी फुगते, तारा उंच होतात, बोटं दुखतात. म्हणजे एकाच गिटारची तक्रार ऋतूप्रमाणे उलटीपालटी होते, आणि दोन्ही वेळा बिचाऱ्या सॅडलला दोष लागतो.

म्हणून भर मे महिन्यात किंवा भर पावसाळ्यात नट-सॅडल घासायला बसू नका. ऑगस्टमध्ये ‘तारा फार उंच आहेत’ म्हणून सॅडल घासलं, तर पुढच्या मेमध्ये हीच गिटार प्रत्येक फ्रेटवर झणझणेल, आणि घासून गेलेलं परत येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोजमापाचा चांगला काळ. घाईच असेल तर दुसरं सॅडल विकत आणून ते घासा, मूळचं डबीत जपून ठेवा. एक उन्हाळ्याचं आणि एक पावसाळ्याचं अशी दोन सॅडल ठेवणं हा आपल्या शहरात चैनीचा प्रकार नाही, सोयीचा आहे.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं. रात्रभर कूलरचा ओला झोत आणि दुपारी कूलर बंद झाला की भाजकी कोरडी हवा, या दोन टोकांमध्ये लाकूड रोज हेलकावे खातं. खुंट्यांचे स्क्रू याच खोलीत गंजतात. गिटार कूलरच्या तोंडासमोर भिंतीला टांगू नका. उन्हाळ्यात ती केसमध्ये ठेवा आणि केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी ठेवा. डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला. पाणी टपकता कामा नये. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करा आणि पहिला पाऊस पडला की डबी काढून टाका. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की गिटार सुखात असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर ती दहा मिनिटंही ठेवू नका. बंद गाडीतल्या तापमानाला ब्रिजखालचा गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज उचकतो.

एप्रिल-मेमध्ये नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचली तर लगेच कानस हातात घेऊ नका. फ्रेट वाढलेले नसतात, फ्रेटबोर्ड आकसलेला असतो. आठवडाभर स्पंजची डबी ठेवून बघा. बरेचदा टोचणं तेवढ्यानेच कमी होतं.

सामान

बारीक फिलिप्स पेचकस (खुंट्यांच्या मागचे स्क्रू फार लहान असतात, मोठ्या पेचकसाने त्यांचं डोकं झिजतं), १० मिमीचा पाना, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल, फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, शिलाई मशीनचं तेल, बारीक टोकाची पक्कड, तार कापायची कात्री आणि तारांचा नवा संच. नटाच्या खाचांसाठी खास कानशी मिळतात, पण महाग असतात. त्यांच्याऐवजी गॅस वेल्डिंगची नोझल साफ करायचा बारीक काड्यांचा संच चालतो. इतवारीत लोहा ओळीत हत्यारांच्या दुकानात तो विचारा. सोनारकामाच्या बारीक कानशी सराफा ओळीच्या आसपास बघा.

फट मोजायला वेगळं साधन नसलं तरी चालेल. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. दोन कागद ०.२, तीन कागद ०.३. पुढे हेच माप वापरलं आहे.

आधी दोष शोधा

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. सूर उतरला की खुंट्या खराब असं ठरवलं जातं, नवा संच येतो, बसतो आणि सूर तसाच उतरत राहतो. कारण खुंटीच्या आत एक आडवा पेच असतो आणि त्याच्या आट्यांत दातेरी चाक अडकलेलं असतं. पेच फिरवला तर चाक फिरतं, पण चाकाला कितीही ओढलं तरी ते पेचाला फिरवू शकत नाही. तारेच्या ओढीने खुंटी आपोआप मागे फिरत नाही ती याच रचनेमुळे. सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो, तरी धड खुंटी जागची हलत नाही.

मग सूर उतरतो तो कशाने? बहुधा तार खुंटीच्या खांबावर घसरते, नटात अडकते, किंवा ब्रिजमध्ये तारेच्या टोकाचा मणी नीट बसलेला नसतो. नवी तार असेल तर ती अजून ताणली जात असते. हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. सूर लावून झाला की परमनंट मार्करने खांब आणि तार यांवर मिळून एक बारीक रेघ मारा. दुसरी रेघ खुंटीचं बटण आणि तिची डबी यांवर मारा. दुसऱ्या दिवशी बघा. खांबावरची रेघ तुटली असेल तर तार घसरली. बटणावरची रेघ सरकली असेल तरच खुंटीवर संशय घ्या. दोन्ही रेघा जागच्या जागी असतील तर नट आणि ब्रिजकडे वळा.

झणझणाटाचंही असंच आहे. तो कुठे होतो यावरून कारण कळतं.

फक्त मोकळी तार झणझणते आणि पहिला फ्रेट दाबला की थांबते: नटाची खाच खोल गेली आहे.
पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारा झणझणतात: नेक गरजेपेक्षा सरळ किंवा उलटा वाकलेला आहे.
दहाव्या फ्रेटच्या पुढे झणझण: सॅडल बुटकं आहे, किंवा उन्हाळ्याने फळी बसली आहे.
एकाच फ्रेटवर, एकाच जागी: तो फ्रेट बसका किंवा पुढचा फ्रेट उंच आहे. हे घरचं काम नाही.
एखादाच सूर वाजवला की कुठूनतरी खर्रर्र: काहीतरी ढिलं आहे.

शेवटच्या प्रकारात एकाने तो सूर वाजवत राहावं आणि दुसऱ्याने बोटाने एकेक भाग दाबत जावं: खुंट्यांची बटणं, त्यांच्या पुढच्या रिंगा, ट्रस रॉडवरचं (नेकच्या आतून जाणाऱ्या, त्याचा बाक सांभाळणाऱ्या सळीवरचं) झाकण, पट्ट्याची बटणं, बॅटरीची डबी. बोट ठेवल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. खांबावर तारेचं जास्तीचं टोक लांब राहिलं असेल तर तेही नेमकं असंच कुरकुरतं.

खुंट्या

खुंट्या दोन प्रकारच्या असतात. उघड्या खुंटीत मागून दातेरी चाक दिसतं. बंद खुंटीत सगळं धातूच्या डबीत असतं.

बटण ढिलं असेल तर त्याच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा आवळा. फार आवळला तर बटण जड होतं, म्हणून फिरवून बघत आवळा. उघड्या खुंटीत दातेरी चाकाच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो ढिला झाला की खांब डुलतो. तो घट्ट करा आणि चाकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने सोडा. पेच पाच-सहा फेरे फिरवा, वर आलेलं काळं तेल कापडाने टिपून घ्या. लाकडात तेल उतरू देऊ नका, त्याचा डाग जात नाही. खोबरेल तेल वापरू नका. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं, तसंच ते दातांतही घट्ट होतं आणि धूळ धरतं. बंद खुंटीत तेल घालायची गरज नसते.

खांब नुसताच डुलत असेल तर डोक्याच्या पुढच्या बाजूची षटकोनी रिंग १० मिमीच्या पान्याने आवळा. हाताने घट्ट बसवा आणि त्यावर पान्याने फार तर पाव फेरा. जास्त आवळली की रिंगेभोवतीच्या पॉलिशला तडे जातात.

बटण फिरतंय, मधेच एका ठरावीक जागी ‘कट्’ होऊन रिकामं जातंय, असं असेल तर दात तुटला आहे. ती खुंटी बदला. घेताना जुनी खुंटी सोबत न्या आणि चार गोष्टी जुळवा: खांबाच्या छिद्राचा व्यास (बंद खुंट्यांना बहुधा १० मिमी लागतं, उघड्या जुन्या पद्धतीच्या खुंट्यांचं छिद्र त्याहून लहान असतं), डाव्या बाजूची की उजव्या, मागचा स्क्रू नेमका कुठे येतो, आणि तीन खुंट्या एकाच पट्टीवर असतील तर पहिल्या खांबाच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे अंतर एक मिलिमीटरने चुकलं तरी पट्टी बसणार नाही. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारच्या खुंट्या वेगळ्याच असतात. त्यांचे जाड, पांढरे खांब आडवे असतात. त्या स्टीलच्या तारांच्या गिटारला चालत नाहीत.

बसवण्याचा क्रम असा:

१. सगळ्या तारा थोड्या थोड्या करत, आळीपाळीने ढिल्या करा. एका बाजूच्या तिन्ही एकदम सोडू नका. नेकखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा.
२. पुढची रिंग काढा, मग मागचा स्क्रू. कागदावर डोक्याचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर टोचून ठेवा.
३. नवी खुंटी घाला, रिंग फक्त हाताने बसवा. आता खुंटी सरळ करा. मागचं जुनं छिद्र जुळत असेल तर काम सोपं आहे.
४. छिद्र जुळत नसेल तर पेन्सिलीने खूण करा आणि १.५ मिमीच्या बिटाने नवं छिद्र पाडा. बिटाला स्क्रूच्या लांबीइतक्या अंतरावर टेप गुंडाळा, टेप लाकडाला टेकली की थांबा. हे विसरलं की बिट डोक्याच्या पुढून बाहेर येतं.
५. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. साबण चोळू नका, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.
६. स्क्रू बसवा, मगच पुढची रिंग पान्याने आवळा.

खांबाचं छिद्र मोठं करावं लागत असेल तर थांबा. हातातल्या ड्रिलचं बिट लाकडात दात रोवतं आणि डोक्याचा टवका उडवतं. त्यासाठी छिद्र हळूहळू रुंद करणारं रीमर नावाचं हत्यार लागतं. तेवढं काम कारागिराकडून करून घ्या.

स्क्रू नुसताच फिरत असेल, धरत नसेल, तर छिद्र मोठं झालं आहे. जाड स्क्रू कोंबू नका. टूथपिक किंवा उदबत्तीची बिनमसाल्याची बांबूची काडी घ्या, तिला फेव्हिकॉल लावून छिद्रात बसेल तेवढी बसवा, वरचं टोक ब्लेडने सपाट कापा, रात्रभर वाळू द्या. सकाळी १.५ मिमीचं छिद्र पाडून तोच जुना स्क्रू लावा. नव्यासारखा धरतो.

तार खांबावर गुंडाळणं

घसरणाऱ्या तारांचं मूळ बहुधा इथे असतं. तार खांबाच्या छिद्रातून ओढून घट्ट करा, मग तिला साधारण दीड खांबाच्या अंतराइतकी, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर, मागे ढील द्या. जाड तारांना दोन-तीन वेढे, बारीक तारांना तीन-चार. वेढे एकावर एक न चढता खाली-खाली उतरले पाहिजेत, म्हणजे नटावर तारेचा दाब पुरेसा पडतो. सूर लावल्यावर बाराव्या फ्रेटपाशी तार हलकेच वर ओढा, पुन्हा सूर लावा. चार-पाच वेळा असं केलं की नव्या तारेची ढील निघते. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वर गेला तर अर्धा सूर खाली उतरवा आणि पुन्हा चढवा, म्हणजे दातांमधली मोकळीक एकाच बाजूला राहते.

नट

सूर लावताना नटापाशी ‘टिक’ वाजणं म्हणजे तार खाचेत चिकटते आणि ताण पुरेसा साचला की उडी मारते. तार ढिली करून खाचेतून बाजूला काढा. मऊ पेन्सिलीचं टोक खाचेत फिरवा, काळी भुकटी खाचेत बसली पाहिजे. तार परत बसवा. बऱ्याच वेळा तक्रार तेवढ्यावर मिटते.

मिटली नाही तर खाच तारेला अरुंद आहे. जाड तारांचा संच घातल्यावर हे हमखास होतं. ११ नंबरच्या संचासाठी कापलेल्या खाचेत १३ नंबरची तार आवळून बसते. त्या तारेपेक्षा जरा जाड काडी घेऊन खाचेच्या फक्त बाजू घासा, तळाला धक्का लावू नका. काडी डोक्याकडे थोडी कललेली ठेवा. दोन-तीन वेळा घासायचं, तार बसवून बघायचं, पुन्हा दोन-तीन वेळा.

इथे खाचेचा आकार का महत्त्वाचा आहे ते तंबोऱ्यावरून पटकन कळतं. मिरजेत बनणाऱ्या तंबोऱ्याची घोडी मुद्दाम रुंद आणि जवळजवळ सपाट ठेवतात, तार तिच्यावर लांबपर्यंत घासत राहते आणि त्यातून जवारी निघते. गिटारच्या नटाची खाच मागच्या बाजूला, म्हणजे डोक्याकडे, उंच राहिली आणि फ्रेटबोर्डच्या बाजूला खोल, तर नेमकं तेच घडतं: मोकळी तार सतारीसारखी झिणझिणते. तार खाचेच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकली पाहिजे आणि तिथून डोक्याकडे उतरत गेली पाहिजे. खाच खोल गेलेली नसतानाही मोकळी तार झिणझिणत असेल तर हा उतार तपासा.

खाचेची खोली बघायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. एक कागद सरकावा आणि दुसरा जेमतेम सरकावा, इतकी फट हवी. कागद अजिबात जात नसेल तर खाच खोल गेली आहे. चार कागद जात असतील तर खाच उथळ आहे, आणि पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड दाबताना बोटांना त्रास होतो तो त्यामुळेच.

खोल गेलेली खाच खाण्याच्या सोड्याने भरता येते. नटाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, कारण फेव्हिक्विकचा थेंब पॉलिशवर पडला तर डाग कायमचा. खाचेत चिमूटभर सोडा भरून टाचणीने दाबा. टूथपिकच्या टोकावर फेव्हिक्विकचा एकच थेंब घेऊन सोड्याला टेकवा. तो क्षणात शोषला जातो, मिश्रण गरम होतं आणि किंचित धूर येतो. तोंड बाजूला ठेवा, खिडकी उघडी ठेवा. दहा मिनिटांनी ते दगडासारखं टणक होतं, मग खाच नव्याने कापा. काही महिने ते चांगलं टिकतं. खेळ रोजचा असेल तर सवडीने हाडाचा नवा नट बसवा. नट निघत नसेल तर कडेच्या पॉलिशवर आधी ब्लेडने रेघ मारा, मग फ्रेटबोर्डाच्या बाजूने लाकडी ठोकळा टेकवून हलकेच ठोका. रेघ न मारता ठोकलं तर नटाबरोबर पॉलिशचा पापुद्राही उडतो. परत बसवताना तळाला गोंदाचे दोन बारीक थेंब पुरेत.

सॅडल

सॅडलला हात लावण्याआधी नेकचा बाक बघा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट बघा. दोन ते तीन कागदांची फट बरोबर. पाच-सहा कागद जात असतील तर आधी ट्रस रॉड, मग सॅडल. ट्रस रॉडची चावी बहुतेक गिटारींना ४ किंवा ५ मिमीची ॲलन की असते, डोक्यावरच्या झाकणाखाली किंवा साऊंड होलच्या आत. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नेक सरळ होतो, उलट फिरवलं की बाक वाढतो. तारा थोड्या ढिल्या करून एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. चावी अडली तर सोडून द्या. तुटलेला ट्रस रॉड बदलायला फ्रेटबोर्ड उचकावा लागतो. काही स्वस्त गिटारींत रॉड असतो पण फिरवायची सोयच नसते. तिथे हा विषय संपला.

आता सूर लावलेल्या गिटारवर बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. सहाव्या तारेला २.५ मिमी आणि पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेला २ मिमी ही चांगली सुरुवात आहे. समजा सहाव्या तारेला ३ मिमी भरलं. अर्धा मिलिमीटर कमी करायचा आहे, पण सॅडल १ मिमी घासावं लागेल, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो आणि एका टोकाला जेवढं उतरवाल त्याच्या निम्मं मध्यावर उतरतं. घासल्यावर सॅडल ब्रिजच्या वर किमान ३ मिमी उरत नसेल तर घासू नका. गिटारच्या नेकचा कोन बिघडला आहे आणि तो सॅडलने सुधारत नाही.

तारा ढिल्या करून सॅडल पक्कडीने उचला, पक्कडीच्या तोंडात कापड ठेवा. सॅडल सहसा चिकटवलेलं नसतं. निघत नसेल तर चिकटवलेलं आहे, ओढू नका. बाहेर काढल्यावर त्याच्या तळाशी पेन्सिलीने रेघ मारा, जिथपर्यंत घासायचं तिथे. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा जाड काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर टेपने चिकटवा. सॅडल एका चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून उभं धरा आणि एकाच दिशेने घासा. हातात नुसतं धरून घासलं तर तळ गोल होतो, आणि सॅडलखाली पिकअप असेल तर मग एक-दोन तारांचा आवाज बसतो. दर दहा-पंधरा फेऱ्यांनी थांबून मापा. शेवटी ४०० नंबरने गुळगुळीत करा. हाड असेल तर नाकाला रुमाल बांधा, भुकटी बारीक असते. घासायचं ते तळाकडून. माथ्यावरचा उतार आणि बारीक तारांसाठीची तिरकी कड कारखान्यातून आलेली असते, तिला धक्का लावू नका.

खाचेत बसवलेलं सॅडल पुढे कलत असेल तर ते खाचेपेक्षा पातळ आहे. कागदाच्या पट्ट्या कोंबून काम भागवू नका, योग्य जाडीचं (बहुधा ३ मिमीच्या आसपास) नवं सॅडल घ्या. गिटार उलटी केल्यावर ते पडू नये आणि बोटाने काढता यावं, इतकं घट्ट हवं.

ब्रिजच्या पिना

सूर लावता लावता पिन ‘टप्’ करून उडते ती बिघडलेली असतेच असं नाही. तारेचा मणी पिनच्या टोकाला टेकलेला असतो, म्हणून तार पिनलाच वर ओढते. मणी आतल्या लाकडी पट्टीखाली अडकला पाहिजे. तारेचं मण्याजवळचं टोक बोटाने थोडं वाकवा, छिद्रात घाला, पिन तिची खाच साऊंड होलच्या दिशेने ठेवून घाला. आता एका हाताने पिन हलकी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने तार वर ओढा. आतून मणी पट्टीला येऊन बसल्याचा ठक् लागतो. साऊंड होलमधून छोटा आरसा आत धरा आणि मोबाईलचा टॉर्च दाखवा: सहाही मणी पट्टीला चिकटून एका ओळीत दिसले पाहिजेत.

अडकलेली पिन पक्कडीने वरून ओढू नका, डोकं तुटतं. तार पूर्ण ढिली करा, साऊंड होलमधून हात घालून एका जाड नाण्याने पिन खालून वर ढकला.

पिना हाताळतानाच ब्रिजच्या मागच्या कडेखाली झेरॉक्सचा कागद सरकवून बघा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागला आहे. तारा ढिल्या करा आणि गिटार कारागिराकडे न्या. वरून फेव्हिक्विक सोडू नका. ते नीट धरत नाही आणि पुढे कारागिराला खरा जोड लावण्याआधी तास न् तास ते खरवडावं लागतं.

पट्ट्याचं बटण आणि जॅक

ढिलं बटण खुंटीच्या स्क्रूसारखंच दुरुस्त होतं. फक्त इथे छिद्र मोठं असतं, म्हणून गूल काढलेल्या माचिसच्या दोन काड्या फेव्हिकॉल लावून बसवा. बटण आणि लाकूड यांच्या मधे नमद्याची छोटी चकती ठेवली की पॉलिश घासत नाही.

पिकअपच्या गिटारीत शेवटचं बटण हाच जॅक असतो. त्याची बाहेरची रिंग ढिली होते, आणि ती आवळायला गेलं की आतला जॅकही तिच्याबरोबर फिरतो. दोन-तीन फेऱ्यांत आतली वायर पिळून तुटते. म्हणून जॅकच्या तोंडात एक बारीक पेचकस अडकवून तो धरून ठेवा आणि मगच रिंग पान्याने आवळा. आवाज खरखरत असेल तर आधी दुसरी केबल लावून बघा, मग बॅटरी बदला. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन पुसा. वाजवून झालं की केबल काढून ठेवा, कारण बहुतेक गिटारींत केबल जॅकमध्ये असेपर्यंत प्रीॲम्प (पिकअपचा आवाज वाढवणारं सर्किट) चालू राहतो आणि ९ व्होल्टची बॅटरी विनाकारण उतरत राहते.

काम झाल्यावर

सूर पूर्ण लावून गिटार एक दिवस ठेवा. नेक आणि वरची फळी नव्या ताणाला जुळवून घेतात, म्हणून लगेच घेतलेलं माप खरं नसतं. दुसऱ्या दिवशी बाराव्या फ्रेटवरची उंची, सातव्या फ्रेटवरची फट आणि पहिल्या फ्रेटवरची फट पुन्हा मोजा. तिन्ही आकडे, तारीख आणि तारांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून केसच्या खिशात ठेवा. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. फरक फळीच्या फुगण्या-आकसण्याइतकाच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर काहीही घासायचं नाही, त्या ऋतूचं सॅडल लावायचं.